वालाच्या दाण्यात लपलेलं झाड

घरी वालाचं बिरडं करायचं असेल त्या दिवशी एक काम करा. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकून सोलायला बसलात की त्यातला एक दाणा बाजूला ठेवा, आणि जमलं तर आदल्या रात्रीचा अजून एक ठेवा, जो नुसता भिजलाय, मोड आलेला नाहीये. बाकीचे कढईत जाऊ द्या. या दोन दाण्यांत जे बघायला मिळतं ते शाळेतल्या आकृतीपेक्षा खूप जास्त आहे, कारण आकृतीत आपण बीजपत्र, आदिमूळ, अंकुर अशी नावं बाणांना लावतो आणि पेपर झाला की विसरतो, पण बीमध्ये एक अख्खं छोटं झाड आधीच तयार होऊन पडलेलं असतं ही गोष्ट त्या नावांमधून कधी पोचतच नाही. आणि त्या छोट्या झाडाचा कुठला भाग आधी हलतो, कुठला वर येतो, कुठला मातीतच बसून राहतो यावर आपल्या स्वयंपाकघरातल्या आणि शेतातल्या कितीतरी गोष्टी ठरतात. डाळ का उगवत नाही, सोयाबीन खोल का पेरायचं नाही, आंब्याचं कलम कोवळ्या कोयीवरच का बांधतात, सगळं तिथूनच येतं.

आधी न सोललेला, भिजलेला दाणा घ्या. त्याच्या एका कडेला पांढरी उठावदार रेघ दिसते ना, शेंगेत असताना दाणा त्या बाजूनेच शेंगेला जोडलेला होता. बाळाला जशी नाळ तशी ही दाण्याची नाळ, आणि ही तिची खूण. चवळीच्या काळ्या डोळ्यात मधोमध जी पांढरट खूण असते तीही हीच. या खुणेच्या अगदी जवळ एक बारीक भोक असतं, इतकं बारीक की डोळ्याला सहसा दिसत नाही, पण भिजलेला हरभरा किंवा वाल कापडाने कोरडा पुसून दोन बोटांत हळूच दाबला तर तिथून पाण्याचा थेंब बाहेर येतो. लहान मुलांसोबत हे करून बघाच, त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. दाणा तयार व्हायच्या आधी, फूल असताना, परागनळी बहुतेक झाडांत याच भोकातून आत गेलेली असते. म्हणजे वडिलांकडून आलेला वारसा ज्या दारातून आत आला ते दार अजून तिथेच आहे.

आता साल काढा. साल म्हणजे बीजावरण, ते भ्रूणाचा भाग नाही, ते आईच्या झाडाचं आहे, आईने गुंडाळून दिलेलं कापड म्हणा. सालीच्या आत जे काही आहे ते सगळं नवीन बाळ.

दाणा नखाने उघडला की दोन जाड फाका होतात. यांना पुस्तकात बीजपत्र म्हणतात, जुन्या मराठी पुस्तकांत दलिका असा शब्द सापडतो आणि इंग्रजी मिडीयमवाली मुलं कॉटिलेडन म्हणतात. मला यात सगळ्यात आवडतो तो आपला साधा शब्द, द्विदल. कडधान्यांना आपण द्विदल धान्य म्हणतो आणि दल म्हणजे पान, तुळशीदल म्हणतो ना, बेलाचं त्रिदल म्हणतो ना, तेच हे दल. या दोन फाका खरंच पानं आहेत, झाडाची अगदी पहिली दोन पानं, फक्त त्यांच्यात इतकं अन्न भरलंय की ती फुगून पानासारखी दिसतच नाहीत. वाटाणा, मूग, हरभरा यांत ते अन्न मुख्यतः स्टार्च आणि प्रोटीन असतं, सोयाबीनच्या पानांत साधारण ४० टक्के प्रोटीन आणि २० टक्के तेल, आणि शेंगदाण्यात तर जवळपास निम्मं तेल. शेंगदाण्याचं तेल म्हणजे एका बाळझाडाच्या पहिल्या दोन पानांतून काढलेलं तेल. हे कळल्यावर मी कित्येक दिवस घाण्यावरच्या डब्याकडे वेगळ्याच नजरेने बघत होते.

पण खरं बघायचंय ते या दोन फाकांच्या मधे आहे. वालात ते जरा चिकटलेलं असतं, म्हणून इथे शेंगदाणा घ्या, कच्चा, न भाजलेला. दोन भाग केले की एका भागाच्या टोकाला चोचीसारखा छोटा तुकडा चिकटलेला राहतो, खाताना जो किंचित कडवट लागतो. सुईने तो सुटा करा आणि भिंग असेल तर भिंगाखाली धरा, नसेल तर मोबाईलचा कॅमेरा झूम करा. एक टोक बोथट, गुळगुळीत असतं, ते आदिमूळ, म्हणजे होणारं मूळ. दुसऱ्या टोकाला, दोन फाकांच्या मधे दडलेलं, बारीक पिसासारखं काहीतरी असतं, ती पानं आहेत. घडी घातलेली, पांढरट पिवळी, पण आकारासकट तयार असलेली खरी पानं. हा अंकुर. आणि या दोन्हींच्या मधली जी आखूड दांडी आहे, तिला फाका जिथे जोडलेल्या असतात तो एक सांधा समजा. सांध्याच्या खालच्या, मुळाकडच्या दांडीला म्हणतात हायपोकॉटिल आणि सांध्याच्या वरच्या, पानांकडच्या दांडीला एपिकॉटिल. नावं अवघड आहेत पण अर्थ इतकाच, बीजपत्राच्या खालची आणि बीजपत्राच्या वरची. ही दोन नावं लक्षात ठेवा, बाकीचा सगळा लेख यांच्यावरच उभा आहे.

एक गैरसमज इथेच दूर करते. बऱ्याच जणांना वाटतं की ती छोटी चोच म्हणजे भ्रूण आणि दोन फाका म्हणजे नुसता डबा. तसं नाहीये. चोच आणि फाका मिळून भ्रूण होतो, दोन्हींचा जन्म एकाच पेशीतून झालेला असतो. फक्त वाटणी अशी की फाकांनी साठवायचं आणि चोचीने वाढायचं.

आणि वाढणारा भाग तुटला की सगळं संपलं. तुरीची डाळ कितीही ताजी, कितीही घरची असू दे, भिजत घातली तर फुगते पण मोड काही येत नाही, कारण भरडताना दाणा फुटून दोन फाका झाल्या आणि मधली चोच निघून गेली. अन्न आहे, पण खाणारं बाळच नाही. तांदळाचंही तसंच. पॉलिश केलेल्या तांदळाचा एक दाणा जवळून बघा, एका टोकाला तिरकी खाच दिसेल, तुटल्यासारखी. तिथे भ्रूण होता, गिरणीत पॉलिश होताना तो कोंड्यासोबत गेला. गव्हात भ्रूणाचं वजन दाण्याच्या जेमतेम २ ते ३ टक्के, पण त्यात तेल असतं आणि तेल हवेला लागलं की खवट होतं, म्हणून भ्रूण काढून केलेला मैदा महिनोन्महिने टिकतो आणि चक्कीवरचं पीठ पावसाळ्यात पटकन वास मारायला लागतं. मक्याच्या दाण्यात भ्रूण बराच मोठा, दाण्याच्या वजनाच्या दहाव्या भागापेक्षाही जास्त, म्हणून तर मक्याचं तेल निघतं, ते जवळजवळ सगळं त्या भ्रूणातूनच.

आता मोड आलेला दाणा घ्या. कोरड्या बियाण्यात पाणी फार कमी असतं, सगळी यंत्रणा जवळपास बंद असते. भिजवलं की दाणा पाणी ओढून फुगतो आणि आतली कामं सुरू होतात, श्वास सुरू होतो. म्हणूनच कडधान्य रात्रभर भिजवल्यावर पाणी काढून फडक्यात बांधतात, पाण्यातच ठेवलं तर हवा मिळत नाही, दाणे गुदमरतात आणि आंबूस वास येतो. आई कधी ऑक्सिजन वगैरे म्हणाली नाही, ती म्हणायची "पाण्यात राहिले तर कुजतील", गोष्ट तीच.

साल फोडून आधी बाहेर येतं ते आदिमूळ. का तेच आधी? कारण पानं कितीही तयार असली तरी पाणी नसेल तर ती उघडून काय करणार, आणि जमिनीत पकड नसेल तर मातीला रेटा कसा देणार. त्यामुळे पहिली सोय पाण्याची आणि पायाची. गंमत म्हणजे सुरुवातीला मूळ लांब होतं ते मुख्यतः आधीच तयार असलेल्या पेशी पाणी पिऊन ताणल्या गेल्याने, नवीन पेशी बनायचं काम जोरात सुरू होतं ते नंतर. म्हणून एका रात्रीत एवढाले मोड येऊ शकतात. उसळीच्या मटकीला किंवा मुगाला जी पांढरी शेपटी दिसते ती बरीचशी आदिमूळ आणि त्यावरचा थोडा हायपोकॉटिल.

मोड आलेला मूग ओल्या कापसावर आडवा ठेवा, मूळ काही तासांत खाली वळतं. परत फिरवून ठेवा, परत खाली वळतं. मुळाच्या टोकावर एक टोपी असते, तिच्या पेशींमध्ये स्टार्चचे जड कण असतात, ते कण पेशीच्या ज्या बाजूला जाऊन बसतात ती बाजू खाली, असं मुळाला कळतं. हे गुरुत्वाकर्षणामुळेच होतं हे दाखवायला थॉमस अँड्र्यू नाइट नावाच्या इंग्रज माणसाने १८०६ मध्ये फार सुंदर प्रयोग केला होता, त्याने उगवणाऱ्या बिया पाण्याच्या ओघावर जोरात फिरणाऱ्या चाकाला बांधल्या, तर सगळी मुळं बाहेरच्या दिशेला वाढली आणि सगळे कोंब चाकाच्या मध्याकडे. फिरण्याच्या जोराने जी दिशा 'खाली' झाली ती मुळांनी धरली. म्हणून बी कशीही पडली, उलटी, सुलटी, आडवी, तरी चिंता नसते, दिशा शोधायचं यंत्र आदिमुळाच्या टोकात बसवूनच पाठवलेलं आहे.

मूळ रुतलं की पुढचा प्रश्न मोठा. वर मातीचा थर आहे, आणि अंकुराची पानं इतकी नाजूक की सरळ वर ढकलली तर चिरडतील. त्यावर मूग, चवळी, वाल, सोयाबीन, कापूस, चिंच यांनी एकच उपाय शोधलाय. यांच्यात सांध्याखालची दांडी, म्हणजे हायपोकॉटिल, लांब होते, पण सरळ नाही, ती मान खाली घालते, काठीच्या मुठीसारखी वाकते. माती फोडते ती ही वाकलेली मान, आणि बीजपत्रं आणि त्यांच्यात दडलेला अंकुर मागून ओढत वर येतात, डोकं खाली घातलेल्या माणसासारखे. उजेड लागला की मान सरळ होते आणि दोन्ही फाका उघडतात. कापसाच्या शेतात उगवणीनंतर जी दोन गोलसर पानं दिसतात ती ही बीजपत्रंच, नंतर येणाऱ्या कापसाच्या पानाशी त्यांचं काही साम्य नसतं, ती हिरवी होऊन काही दिवस स्वतः अन्नही बनवतात आणि मग गळून जातात. बाजारात जे लांब पांढऱ्या दांड्यांचे मोड मिळतात, चायनीजमध्ये घालतात ते, ती लांब दांडी म्हणजे अंधारात वाढवलेला मुगाचा हायपोकॉटिल.

सोयाबीनवर जरा थांबते कारण इथे हे ज्ञान थेट पैशाचं आहे. माझा मामा लातूरकडे सोयाबीन करतो आणि एका वर्षी त्याला दुबार पेरणी करावी लागली होती, तेव्हा घरात काय वातावरण होतं ते मी बघितलंय. पेरणी झाली, मागोमाग जोराचा पाऊस आला आणि मग कडक ऊन, जमिनीवर पापडी धरली. बी उगवलं होतं. माती उकरली की खाली वाकलेल्या माना दिसत होत्या, पण वरची पापडी त्यांना फुटेना आणि काही माना रेटून रेटून मोडल्या होत्या. सोयाबीनला दोन जाडजूड फाका घेऊन वर यायचं असतं, ओझं मोठं, आणि मान एकच. म्हणून ३ ते ४ सेंटीमीटरपेक्षा खोल पेरू नका असं कृषी विभागवाले दरवर्षी सांगतात, आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका हेही, म्हणजे ओल पुरेल. दुसरी अडचण अशी की सोयाबीनची साल पातळ आणि आदिमूळ त्या सालीच्या लगेच खाली, जवळजवळ उघड्यावर. पोतं आदळलं, मळणी यंत्र जोरात फिरवलं की बाहेरून दाणा धडधाकट दिसतो पण आदिमुळाला मार लागलेला असतो. म्हणून पेरणीआधी घरच्या बियाण्याचे १०० दाणे ओल्या गोणपाटात दहा दहाच्या ओळीत ठेवून गुंडाळायचे आणि आठवड्याभरात किती उगवले ते मोजायचं, ७० किंवा जास्त आले तर बियाणं चांगलं. मोजताना नुसती शेपटी दिसली म्हणून धरायचं नाही, मूळ नीट हवं, मान नीट हवी, फाका शाबूत हव्यात, तरच तो दाणा शेतात रोप होणार.

हरभरा, तूर, वाटाणा यांनी दुसरा रस्ता घेतलाय. यांच्यात वाढते ती सांध्यावरची दांडी, एपिकॉटिल. त्यामुळे बीजपत्रं जिथे पेरली तिथेच मातीत बसून राहतात आणि तिथूनच रसद पुरवतात, वर येतो फक्त अंकुर, हलका, तोही मान वाकवूनच. ओझं कमी म्हणून हरभरा सोयाबीनपेक्षा खोल पेरलेला चालतो, रब्बीत वरची माती सुकलेली असताना खालच्या ओलीत पेरता येतो. आणि अजून एक मोठा फायदा, सोयाबीनची मान फाकांच्या खाली मोडली तर ते रोप गेलं, कारण फाकांच्या खाली नवीन फूट यायला डोळाच नसतो. हरभऱ्याचा वर आलेला शेंडा कुणी खाल्ला, पाल्याला मार बसला, तरी बीजपत्रांच्या बगलेतले डोळे मातीखाली सुरक्षित असतात, तिथून परत फूट येऊ शकते. एवढ्याशा दांडीतला फरक, पण उभ्या पिकाचं नशीब बदलतो.

हा फरक बघायची सगळ्यात छान जागा म्हणजे नवरात्रातला घट. शेतातली काळी माती पत्रावळीवर पसरून त्यात बऱ्याच घरी गहू, ज्वारी, हरभरा, मूग असं मिसळून पेरतात. चौथ्या पाचव्या दिवशी वाकून बघा. मुगाने फाका डोक्यावर उचलून आणलेल्या दिसतील, हरभऱ्याचा दाणा मातीतच असेल आणि फक्त बारीक पानांचा तुरा वर, आणि गहू ज्वारी सरळ सुईसारखे वर आलेले, मान वगैरे काही न वाकवता. देवघरात उजेड कमी म्हणून सगळे पिवळे आणि लांबलचक. घट कसा उगवला त्यावरून बियाणं कसं आहे ते कळायचं असं जुनी माणसं सांगतात, आणि मला ते पटतं, पेरणीच्या तोंडावर घरातच केलेली उगवण चाचणी आहे ती.

गव्हा-ज्वारीकडे वळायच्या आधी आंब्याची कोय. कोयीतही दोन जाड बीजपत्रं असतात आणि तीही जमिनीतच राहतात, वर येतो तो तांबूस कोवळा एपिकॉटिल. हापूसच्या कोयीतून हापूसच येईल याची खात्री नसते, म्हणून कलम, आणि कोकणात जे कोय कलम बांधतात ते याच कोवळ्या दांडीवर, रोप जेमतेम दोनेक आठवड्यांचं असताना. तेव्हा दांडी मऊ असते, आणि महत्त्वाचं म्हणजे खाली कोय अजून चिकटलेली असते. रोपाचा शेंडा छाटून टाकला तरी बीजपत्रांतलं अन्न वर चढत राहतं आणि त्या जोरावर हापूसची काडी जीव धरते. म्हणून कलम करताना कोय तुटू देत नाहीत. कारागिराला हायपोकॉटिल एपिकॉटिल माहीत नसेल पण हाताला सगळं माहीत असतं.

आता एकदल, म्हणजे एकच बीजपत्र असलेले, गहू, ज्वारी, भात, मका, नाचणी. मक्याचा दाणा रात्रभर भिजवून, रुंद बाजूवरून उभा कापला की दोन भाग स्पष्ट दिसतात. मोठा पिठूळ भाग भ्रूणाचा नाही, तो वेगळा साठा, एंडोस्पर्म, मराठीत भ्रूणपोष. आणि एका बाजूला टोकाकडे पांढरट ढालीसारखा भाग आहे तो भ्रूण. ती ढाल म्हणजे यांचं एकुलतं एक बीजपत्र, तिचं नाव स्क्युटेलम. ही ढाल वर येत नाही, ती साठ्याला चिकटून बसते आणि तिथून अन्न ओढून बाळाला देते.

अंकुराचं रक्षण इथे वाकलेल्या मानेने होत नाही, म्यानाने होतं. अंकुरावर एक टोकदार म्यान असतं, कोलिओप्टाइल, आणि आदिमुळावरही एक, कोलिओरायझा. घटातल्या गव्हाच्या सुया म्हणजे ही कोलिओप्टाइल, पान त्या सुईच्या आतून नंतर बाहेर पडतं. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी गवताच्या अशाच म्यानांवर टोप्या घालून बघितलं होतं आणि १८८० मध्ये सांगितलं की उजेड कळतो तो टोकाला, वाकतो मात्र खालचा भाग, म्हणजे टोकाकडून खाली काहीतरी निरोप जात असणार. त्या निरोपाचा शोध घेत घेतच पुढे ऑक्सिन हे झाडांचं हॉर्मोन सापडलं.

म्यान किती लांब होऊ शकतं याला मर्यादा असते, त्याच्यापेक्षा खोल पेरलं तर पान मातीतच म्यानाबाहेर पडतं आणि चुरगळतं. हरितक्रांतीतला बुटका गहू आला तेव्हा हेच झालं, ताट बुटकं तसं म्यानही आखूड, त्यामुळे जुन्या उंच गव्हासारखी खोल पेरणी चालेना आणि ५ सेंटीमीटरच्या आसपास पेरायला शिकावं लागलं. भाताचं म्यान मात्र विलक्षण आहे. पाण्याखाली, जिथे हवा जवळजवळ नाही, तिथे भाताचं बी मूळ आधी हा नियम मोडतं, मूळ थांबवतं आणि म्यान लांब करत करत पाण्याच्या वर नाक काढायला बघतं.

ढालीचं काम कसं चालतं ते नाचणीच्या सत्वात दिसतं. धान्य भिजलं की भ्रूणाकडून जिबरेलिन नावाचं हॉर्मोन सुटतं, ते साठ्याभोवतीच्या पातळ थरापर्यंत जातं, तो थर अमायलेज नावाचं एन्झाइम बनवतो, आणि अमायलेज पिठाची साखर करतं, ती साखर ढाल ओढून घेते. नाचणीला मोड आणून, वाळवून, दळलं की हे अर्धवट झालेलं काम आपल्याला आयतं मिळतं. म्हणून मोड आणलेल्या नाचणीची पेज पातळ आणि गोडसर होते, साध्या पिठाची तेवढ्याच पाण्यात घट्ट गोळा होते, आणि लहान बाळाच्या पोटात जास्त पीठ पातळ पेजेतून जाऊ शकतं. बाळझाडासाठी मऊ केलेलं अन्न माणसाच्या बाळाला.

एकदलातलाच सगळ्यात मोठा नमुना आपल्या रोजच्या स्वयंपाकात आहे, नारळ. पाणी आणि खोबरं दोन्ही भ्रूणपोष, पाणी हे पातळ रूप आणि खोबरं घट्ट रूप. हा भ्रूणपोष येतो कुठून, तर फुलात दोन मिलन होतात, एका मिलनातून भ्रूण होतो आणि दुसऱ्यातून हा साठा, रशियन शास्त्रज्ञ सर्गेई नवाशिन यांनी १८९८ मध्ये हे दाखवलं. नारळाच्या तीन डोळ्यांपैकी एक डोळा मऊ असतो, पाणी काढायला आपण सुरी घालतो तोच, त्याच्या मागे खोबऱ्यात रुतलेला भ्रूण असतो, एवढ्या मोठ्या फळाच्या मानाने अगदी चिमुकला. नारळ रुजायला लागला की बीजपत्र बाहेर न येता आतल्या पोकळीत वाढत जातं, गोल, पांढरं, स्पंजासारखं, आणि पाणी आणि खोबरं शोषत शोषत पोकळी भरून टाकतं. जुना नारळ फोडल्यावर कधी तो गोडसर कोंब मिळतो आणि घरात त्यावरून भांडणं होतात, ते नारळाचं बीजपत्र. आणि नारळाच्या पाण्याची ताकद अशी की १९४१ मध्ये धोत्र्याचे अगदी कोवळे, काढून घेतलेले भ्रूण प्रयोगशाळेत वाढेनात तेव्हा नारळाचं पाणी घातल्यावर ते वाढले, एकाच्या बाळाचं अन्न दुसऱ्याच्या बाळाला चाललं.

याच्या अगदी उलट टोकाला ऑर्किड. सह्याद्रीत पावसाच्या सुरुवातीला सीतेची वेणी फुलते ना, तिच्या एका बोंडात धुळीसारख्या असंख्य बिया असतात, आणि त्यांत ना साठा, ना नीट बनलेलं आदिमूळ, ना बीजपत्र, भ्रूण म्हणजे नुसता पेशींचा पुंजका. योग्य बुरशी भेटली आणि तिने अन्न दिलं तरच ती बी पुढे जाते. आणि खाडीकाठचं कांदळ तर अजून वेगळं. त्याला लोंबणाऱ्या लांब हिरव्या काठ्या बघून सगळे त्यांना शेंगा समजतात, मीही कित्येक वर्षं तेच समजत होते. ती शेंग नाही, तो हायपोकॉटिल आहे, मुगाच्या मोडातली तीच दांडी, इथे हातभर लांब. कांदळाची बी झाडावरच रुजते, आईच्या फांदीवरूनच पोसली जाते, कारण खाली खारट चिखल आणि रोज दोनदा भरती, तिथे साध्या बीने रुजायचं म्हणजे कठीण. महिनोन्महिने ती काठी फांदीवर वाढत राहते, खालचं टोक टोकदार, आणि एक दिवस सुटते. ओहोटी असेल तर सरळ चिखलात रुतून उभी राहते, भरती असेल तर तरंगत जाते आणि जिथे टेकते तिथे थोड्या दिवसांत खालच्या टोकाला मुळं फोडते आणि वरच्या टोकाला, इतके महिने मिटून ठेवलेली, पहिली दोन पानं उघडते.